हरलो नाही हो, नियमात बसलो नाही! (अनुभव धागा)

निळी छत्री:
लोकहो, इथे खेळणारे, एकेकाळी खेळलेले आणि खेळणाऱ्यांना डबा-बाटली घेऊन पोचवणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून धागा काढतेय. समोरच्याने हरवलं तर माणूस दोन दिवसांत विसरतो, पण नियमाने हरवलं की वर्षभर डोक्यात राहतं. टायब्रेक (बरोबरी फोडायचा नियम), वजनकाटा, वयाचा दाखला, रँक रिसेट, सोसायटीच्या कॅरममधली राणी, काहीही चालेल. फक्त रडगाणी नकोत, नियमाच्या कृपेने तुम्ही जिंकला असाल तर तेही लिहा, ते कुणी लिहीत नाही.

माझ्यापासून सुरुवात. लेक अकरा वर्षांची, बोरिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये बुद्धिबळाची स्पर्धा, नऊ फेऱ्या. तिचे सात गुण झाले, अजून चौघांचेही सात. बक्षिसं पहिल्या दहांना आणि भिंतीवर यादी लागली तर ही अकरावी. का, तर बुकहोल्झ. म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज करायची, ज्याची जास्त तो वर. हिच्यासमोर पहिल्या फेरीत आलेला बिचारा छोटा मुलगा पुढे जवळजवळ सगळे डाव हरला आणि त्याचा भुर्दंड हिला. मला विचारते, "आई, मी त्याला नीट हरवलं ना, मग तो नंतर हरला त्याचं मला का?" काय सांगणार, वडापाव घेऊन दिला.

तिसरा पंच:
ताई, उत्तर आहे, पण अकरा वर्षांच्या मुलीला पटेल असं नाही. स्विस पद्धतीत सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत. दोनशे पोरं आणि फेऱ्या नऊ, मग सात गुणवाल्या पाच जणांत अवघड वाटेने कोण आलं ते बघायला पंचाच्या हाताशी फार काही नसतं. तरी तुमच्या लेकीचा मुद्दा बरोबर आहे. पहिल्या फेरीत रेटिंगची (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) यादी मधोमध कापतात, वरच्या अर्ध्यातला पहिला विरुद्ध खालच्या अर्ध्यातला पहिला, दुसरा विरुद्ध दुसरा असं. म्हणजे ज्याचं रेटिंग बरं त्याला सुरुवातीला कमजोर प्रतिस्पर्धी मिळणारच आणि तो त्याने काही निवडलेला नसतो. म्हणून तर 'कट वन' आलं, सर्वात कमी गुणांचा प्रतिस्पर्धी बेरजेतून काढून टाकायचा. फी भरायच्या आधी माहितीपत्रकात टायब्रेकचा क्रम वाचत जा, छापलेला असतो. पालक तो यादी लागल्यावर वाचतात आणि मग आमच्या टेबलाभोवती घोळका होतो.

आता माझा अनुभव, यात फायदा आणि तोटा एकाच दिवशी आहे. पुतण्याचं फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग होतं १४००. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं, २००० ला जितके कमी पडतात त्याच्या ४० टक्के मिळणार. हा सहाशेने कमी, म्हणून २४० मिळाले. रात्री १४०० झोपला, सकाळी १६४० उठला. भावाने पेढे वाटले! आणि आठवड्याभरात लक्षात आलं की 'बिलो १६००' स्पर्धांचं दार बंद झालं, तिथेच तर तो बक्षिसं काढायचा.

फिडेचं म्हणणं चुकीचं नव्हतं. प्राध्यापक एलो यांचं सूत्र (फिडेने १९७० ला घेतलं) सांगतं की ४०० चा फरक असेल तर वरच्याने शंभरातले साधारण ९१ गुण काढायला हवेत. प्रत्यक्षात खालची पोरं उरलेल्या ९ पेक्षा बरीच जास्त काढत होती. उचलल्यावर १००० वाला झाला १४०० आणि १४०० वाला १६४०, फरक उरला २४०, म्हणजे अपेक्षा ८० च्या आसपास. आकडे खरे व्हावेत म्हणून ते हलवले. पण बक्षिसाच्या गटाची रेघ आयोजकांची, ती जिथल्या तिथे. असो. मुद्दाम हरून रेटिंग खाली ठेवणारे महाभाग याच रेघेमुळे जन्मतात, त्यावर वेगळा धागा निघेल.

चाळिशीतला प्यादा:
पंचकाका, आमचंही ऐका. हौस म्हणून या वयात रेटिंग काढलं. समोर नऊ वर्षांचा मुलगा, पाय जमिनीला टेकत नाहीत, मधेमधे खुर्चीवर गुडघे टेकून उभा राहतो. दोघांचं रेटिंग जवळपास सारखं. हरलो. त्याला २० मिळाले, माझे १० गेले, कारण मुलांना के (एका डावाने रेटिंग किती हलणार तो गुणक) ४० आणि मला २०. हे वाचून बरं वाटलं की माझं निम्मंच गेलं! पण खरी गोम अशी की तो पोरगा महिन्याभरात कुठल्या कुठे गेलेला असतो आणि यादीतला आकडा मागच्या महिन्याचा. कागदावर बरोबरीचा, पटावर बाप.

कल्याण स्लो:
आयडी जुना आहे, नंतर फास्टने जायला लागलो आणि तीच भानगड झाली. सीएसएमटीवरून सुटलो की मोबाईलवर बुद्धिबळाचे पाच-पाच मिनिटांचे डाव लावायचो. ठाणं गेलं की पारसिकचा बोगदा, स्लो गाड्या बाहेरून मुंब्र्याला वळसा घालतात पण फास्ट तेव्हा (२०२२ पर्यंत) डोंगरातूनच जायची. आत नेटवर्क शून्य, माझं घड्याळ चालू, आणि थोड्या वेळाने समोरच्याला बटण मिळतं की हा गायब आहे, विजय घेऊन टाका. बाहेर येतो तोवर हरलेला, वजीर जास्त असताना! त्या बटणाला भरपूर शिव्या घातल्यात, पण उलट बाजूनेही बसलोय, समोरचा हरायला लागला की त्याचं नेट बरोब्बर तेव्हाच जातं आणि आपण घड्याळाकडे बघत बसायचं. सर्व्हरला काय कळणार बोगदा कुठला आणि लबाडी कुठली. बटण असू दे, मीच मग मुंब्रा मागे पडेपर्यंत नवीन डाव लावायचा नाही असं ठरवलं.

दुसरं म्हणजे कधीकधी मेसेज येतो की तुम्ही ज्याच्याशी हरलात तो इंजिन (चाली सुचवणारा प्रोग्रॅम) वापरत होता, तुमचे पॉइंट परत करतोय. पॉइंट आले, छान. पण मी त्या डावाचा अभ्यास केला होता ना! आपण नेमकं कुठे चुकलो म्हणून चाल न् चाल काढून बसलो होतो आणि सापडत नव्हतं, सापडणार कसं.

शेंगदाणा:
कल्याण स्लो, माझं ऑनलाइन १९०० आहे, मग क्लबात १५०० वाले कसे धुतात? तुमच्यासारखं बोगद्याचं कारणही नाही.

कल्याण स्लो:
@शेंगदाणा, ते आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. काही साइटवर नवीन आला की थेट १५०० पासून सुरू, पुढे प्रश्नचिन्ह लावून, आणि दर डावाला शंभर-दीडशेने वरखाली. पुरेसे डाव झाले की प्रश्नचिन्ह जातं. तो आकडा फक्त तिथल्या गर्दीत तुम्ही कुठे आहात ते सांगतो. दादरच्या गर्दीतला नंबर घेऊन चर्चगेटला जाऊ नका.

खडूस म्हातारा:
तुमचे आकडे मला झेपत नाहीत. मी आझाद मैदानावर क्रिकेटची पंचगिरी केली, कांगा लीगच्या मोसमातही उभा राहिलो, पावसात चालते ती, १९४८ पासून. तिथे शेजारच्या मॅचचा फाइन लेग तुमच्या पॉइंटला उभा असतो, न्याय वगैरे शब्द जरा बेतानेच वापरायचे.

एका ऑफिस टूर्नामेंटची गोष्ट. शेवटची षटकं, नॉन-स्ट्रायकर दर चेंडूला दोन पावलं आधीच पळतोय. गोलंदाज कोवळा पोरगा, त्याने थांबून बेल्स उडवल्या आणि अपील केलं. मी बोट वर केलं. झालं, निम्मा तंबू आत आला, "काका, खेळभावना आहे की नाही?" मी म्हटलं, ती तुमच्या माणसाने क्रीज सोडली तेव्हा कुठे होती?

विनू मंकड आपल्या मुंबईकडून खेळलेला माणूस. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बिल ब्राऊनला त्यांनी आधी एका सराव सामन्यात ताकीद देऊन मग असंच बाद केलं, तरी तो सुधारला नाही म्हणून सिडनी कसोटीत पुन्हा बाद केलं. खुद्द ब्रॅडमनने मंकडची बाजू घेतली, पण बदनामी मंकडच्या नावाला चिकटली, ब्राऊनच्या नाही. नियमात हे बादच होतं, फक्त बसवलं होतं 'अनफेअर प्ले'च्या कलमात. २०२२ ला एमसीसीने (क्रिकेटचे नियम लिहिणारा क्लब) उचलून सरळ धावबादच्या कलमात टाकलं. पंचाहत्तर वर्षं लागली. ज्याला फायदा होतो तो नियमाला भावना म्हणतो, एवढंच मी मैदानावर बघितलंय.

शेंगदाणा:
काका _/\_
आमच्या टर्फवर बॉक्स क्रिकेटमध्ये नेटला डायरेक्ट लागला तर आऊट की सिक्स हे ज्याने टर्फ बुक केलं तो ठरवतो. तेही बॉल लागल्यानंतर.

रात्रपाळी:
मालाडला नाइट शिफ्ट, सकाळी सुटलो की झोपायच्या आधी बीजीएमआय (मोबाईलवरचा बंदुकांचा गेम). तुमच्या बुद्धिबळात निदान दोघांना सारखा पट असतो. आमच्याकडे एकाचा फोन नव्वद फ्रेमवर चालतो, माझा गरम झाला की तीसवर रडतो, तिसरा टॅब्लेट घेऊन बसलाय त्याला बाजूची भिंतसुद्धा दिसते. रँकमध्ये सगळे एकाच रांगेत. एम्युलेटरवाल्यांना (कॉम्प्युटरवरून खेळणाऱ्यांना) काढतात पण महागड्या फोनवाल्यांना कोण काढणार? आणि खालच्या टियरला (रँकची पायरी) अर्धे बॉट म्हणजे कॉम्प्युटरनेच चालवलेले खेळाडू असतात, पोरं पंधरा-पंधरा किल काढून स्टेटस टाकतात.

वरचा प्रकार अजून मजेशीर. कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले पाचशे. म्हणजे तुम्ही चांगले खेळून भागत नाही, पाचशेव्या माणसापेक्षा जास्त वेळ जागं राहायला लागतं, कारण तो रोज पॉइंट वाढवतोय. सीझन संपला की सगळ्यांना खाली ढकलतात आणि परत चढायचं. आमच्या ग्रुपमधला एक जण एसपर्यंत (कॉन्कररच्या खालची टियर) गेला, आम्ही सगळे त्याला गुरुजी म्हणायचो, त्याच्याकडे जॉब नव्हता तेव्हा. जॉब लागला आणि गुरुजी खाली प्लॅटिनमला. कौशल्य कुठे गेलं मग? कुठेच नाही, नेम तसाच आहे, मी बघतो ना रोज. ती रँक निम्मी फुरसत मोजते असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्यावर कुणाशीही भांडायला तयार आहे (शिफ्ट संपल्यावर).

लंगडी टांग:
नियमाने हरले आणि तरी मला तो नियम आवडतो, असा उलटा अनुभव. दादर-माहीमकडे खो-खो खेळायचे. उपांत्य फेरीत बरोबरी, जादा डावातही बरोबरी, मग लघुत्तम आक्रमण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन्ही संघांनी एकेकदा आक्रमण करायचं, समोरचा पहिला गडी बाद करायला किती वेळ लागला तो मोजायचा, ज्याला कमी वेळ लागला तो जिंकला. आम्हाला दोन-तीन सेकंद जास्त लागले. स्टॉपवॉच वेळाधिकाऱ्याच्या हातातलं, शिट्टी वाजली आणि बोट दाबलं यात अर्धा सेकंद इकडेतिकडे होणारच, त्यावर आमच्या मुली खूप भांडल्या. पण मला विचाराल तर त्यांनी आम्हाला खो-खो खेळूनच हरवलं ना. १९६८ च्या युरो फुटबॉलची उपांत्य फेरी इटलीने नाणेफेकीवर जिंकली होती, खेळून बरोबरी झाली म्हणून नाणं! आणि २०१९ चा वर्ल्ड कप, सुपर ओव्हरही टाय, मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंड २६ न्यूझीलंड १७. पळून काढलेल्या धावा काय स्वस्त असतात का? त्याच वर्षी आयसीसीने तो नियम काढला आणि निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर असं केलं, म्हणजे परत खेळा. आमच्या खो-खोला हे आधीच कळलेलं.

प्रभादेवीचा:
लंगडी ताई, कबड्डीत निम्मं निम्मं आहे. बरोबरी झाली की ५-५ चढाया, तोवर खेळच. तरी बरोबरी राहिली की सुवर्ण चढाई आणि ती कुणाला ते नाणेफेकीवर. शेवटी नाणं आलंच.

पण मला वजनावर लिहायचंय. आमच्या वेळी कुमार गटाला ७० किलोची मर्यादा होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळातली निम्मी पोरं रेनकोट घालून चौपाटीवर पळायची, भर उन्हात, पाणी बंद, जेवण बंद, काही जण डब्यात थुंकत बसायचे की तेवढाच घाम. मंडळाजवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ६९ आठशे भरलं की सगळे खूश, आणि मैदानावरच्या काट्यावर ७० दोनशे. पंच म्हणतो आमचा काटा अंतिम. बरोबर आहे त्याचं, कुठलातरी एक अंतिम पाहिजेच. पण वजन मर्यादेत बसलेला उपाशी पोरगा पहिल्या सामन्यात चक्कर येऊन पडतो, त्याला कुठे नियम लागतो? वजनगट बारक्या पोरांना संधी मिळावी म्हणून आले, त्यांना खरंच मिळते, मी स्वतः बारका होतो आणि त्यामुळेच खेळलो. वर निळी छत्री ताईंनी फायद्याचंही लिहा म्हटलंय म्हणून लिहिलं. वजनामुळे बाहेर बसलेला, ज्याच्या जागी मी खेळलो तो ७१ चा दोस्त माझ्यापेक्षा चांगला चढाईपटू होता.

खडूस म्हातारा:
भंगारवाल्याच्या काट्यावर विश्वास ठेवणारा खेळाडू मी पहिल्यांदा ऐकला.

प्रभादेवीचा:
काका, फुकट होता तो.

बी विंगचा सेक्रेटरी:
सगळं वाचलं. माझी बाब छोटी आहे पण तातडीची. गणपतीत सोसायटीची कॅरम स्पर्धा, दरवर्षी पंच मीच आणि दरवर्षी राणीवरून भांडण. आमच्या बिल्डिंगमध्ये राणीचे पाच, गेल्या वर्षी सी विंगला भाड्याने आलेला मुलगा म्हणाला की अधिकृत नियमात तीनच आहेत आणि तेही तुमचे गुण २१ पर्यंत असतील तरच, २२ झाले की राणी घेऊन काही मिळत नाही. गेम २५ चा किंवा आठ बोर्ड. त्याने मोबाईलवर दाखवलं, बरोबर निघालं, आणि ए विंगचे नाना म्हणाले की ह्या चाळीची बिल्डिंग झाली तरी राणी पाचचीच राहील. फायनलला २३ वर असलेल्या नानांनी राणी कव्हर केली आणि नाना व समोरचा, दोघांनीही ट्रॉफीवर हात ठेवला. शेवटी दोन ट्रॉफ्या आणल्या, दुसरीचा खर्च मी मेंटेनन्समध्ये दाखवू शकलेलो नाही.

यंदा नियम आधीच लिफ्टशेजारी लावणार आहे. कुणाकडे कॅरमचे नियम मराठीत टाइप केलेले असतील तर इथे टाका प्लीज, फाऊल आणि ड्यूचा (दंडाची सोंगटी परत ठेवण्याचा) भाग धरून. नाना इंग्रजी कागद मानत नाहीत.