मुलांच्या मज्जारज्जूच्या दुखापतीबद्दल थोडं

‘लहान मुलांचं शरीर लवचिक असतं, ती आपोआप सावरतात’ असं मज्जारज्जूच्या दुखापतीबद्दलही म्हटलं जातं, त्यावर लिहावंसं वाटलं. हाच लवचिकपणा कधीकधी घात करतो. मणका ताणला जातो पण मोडत नाही. आतला मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचे संदेश अंगभर नेणारी नसांची दोरी, मात्र तेवढा ताण सोसत नाही. एक्स-रे अगदी स्वच्छ, आणि पाय हलत नाहीत! पँग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी १९८२ मध्ये हे नीट मांडलं. म्हणून, मज्जारज्जू दाखवणारा एमआरआय टाळू नये.

उपचारांबद्दल मला सगळ्यात बोलकं वाटतं ते अमेरिकेतल्या फिजिओथेरपी संशोधक अँड्रिया बेहरमन यांच्या गटाचं २००८ चं काम. साडेचार वर्षांचं मूल, मानेतल्या मज्जारज्जूला अपूर्ण इजा (म्हणजे काही संदेश अजून खाली पोचतात अशी) होऊन १६ महिने झालेले, चालता येत नव्हतं. पट्ट्यांनी अंगाचा भार तोलून ट्रेडमिलवर उभं करायचं, थेरपिस्टने हातांनी एकेक पाऊल टाकायला लावायचं. अशी ७६ सत्रं झाली आणि ते वॉकर धरून चालू लागलं. निव्वळ पायांची ताकद तपासली, तर ती जवळपास होती तेवढीच! म्हणजे नुसत्या स्नायूंच्या ताकदीच्या तपासणीवरून ‘आता काही होणार नाही’ असं आईबाबांना सांगणं चूकच. अर्थात हे एकाच मुलाचं उदाहरण, पूर्ण इजेला जसंच्या तसं लावू नये.

आणि कृपा करून पाठीकडे लक्ष ठेवा. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयाआधी इजा झालेल्या बहुतेक मुलांचा कणा पुढे एका बाजूला वाकत जातो, तेव्हा पहिल्या वर्षानंतर तपासण्या सोडू नका.