चावी कोर्टानेच काढून घेतली

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने आणीबाणीच्या नावाखाली मनमानी केली तर कोर्ट त्याला रोखतं, यासाठी दिलेलं राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचं उदाहरण बिनतोड आहे. १९५२ साली त्याने ताब्यात घेतलेले पोलाद कारखाने सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सोडवले. पण त्यावरून 'कोर्ट आहे ना, राष्ट्राध्यक्ष जाऊन जाऊन जाणार कुठे' हा निष्कर्ष काही पटला नाही. उलटंही घडलंय. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात सोय अशी होती की अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की आणीबाणी खलास, राष्ट्राध्यक्षाची सही नको. १९८३ मध्ये चढ्ढा खटल्यात (मूळ भानगड एका विद्यार्थ्याच्या हद्दपारीची!) कोर्टाने असे सहीविना ठराव घटनाबाह्य ठरवले. मग १९८५ मध्ये कायदा बदलावा लागला, आणि ठराव सहीसाठी त्याच माणसाकडे जाऊ लागला ज्याने आणीबाणी लावली.

परिणाम २०१९ मध्ये दिसला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्पनी मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी लावलेली आणीबाणी रद्द करायला सेनेटमध्ये ५९ मतं पडली, त्यात १२ त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाची. ट्रम्पनी दुसऱ्याच दिवशी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन-तृतीयांश मतं लागतात, ती प्रतिनिधिगृहातच जमली नाहीत. कार्टरने १९७९ मध्ये इराणवरून लावलेली आणीबाणी तर अजून दरवर्षी नूतनीकरण होऊन चालूच आहे.