'कॉलर-स्टड'ला मराठीत काय म्हणावं? (फॉर्स्टरची कादंबरी, प्रकरण ७)

सदरवाली
ई. एम. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टू इंडिया'चं (१९२४) मराठी करायला घेतलंय आणि सातव्या प्रकरणात गाडी अडली आहे. प्रिन्सिपॉल फील्डिंग आंघोळ करून कपडे घालताहेत, डॉ. अझीझ बाहेरच्या खोलीत. घाईत फील्डिंगच्या पायाखाली येऊन त्यांचा शेवटचा कॉलर-स्टड मोडतो. अझीझ म्हणतात, माझ्या खिशात जास्तीचा आहे. खिशात काहीच नसतं. ते पाठ फिरवतात, स्वतःची कॉलर ओढून काढतात आणि आपल्या शर्टाचा मागचा सोन्याचा स्टड काढून देतात. पुढे त्यांची कॉलर मानेवर चढते आणि ती नेमकी सिटी मॅजिस्ट्रेट रॉनीच्या नजरेत भरते. रॉनी त्यावरून ठरवतो की हिंदी माणूस कितीही नटूनथटून आला तरी कुठेतरी गबाळा राहतोच, हा ढिलेपणा यांच्या रक्तातच आहे.

'बटण' लिहिलं तर सगळा प्रसंगच कोसळतो. बटण शिवलेलं असतं, ते कोणी खिशात ठेवत नाही आणि उपटून दुसऱ्याला देतही नाही. 'स्टड' लिहिलं तर आजचा वाचक कानातलं समजतो. काय लिहू?

वऱ्हाडी ठेचा
गुंडी लिहा ना ताई. सदऱ्याच्या सोन्याच्या गुंड्या साखळीत ओवलेल्या असत. सदरा धुवायला टाकताना काढायच्या, दुसऱ्या सदऱ्याला लावायच्या. काढता-घालता येणारी वस्तू म्हणून मराठी वाचकाला ती ठाऊकच आहे. नवा शब्द काहून शोधून राहिले?

शुद्धमती
गुंडी सदऱ्याची. इथे विलायती कॉलर आहे, ती जागा शब्दात यायला हवी. 'कंठगुंडी' हा सरळ समास होतो, अर्थ पहिल्या वाचनात कळतो.

काज-बटण
आधी वस्तू नीट डोळ्यांसमोर आणा, मग शब्द ठरवा. त्या काळच्या शर्टाला कॉलर शिवलेली नसे, नुसती गळपट्टी असे. पट्टीला एक काज मागे मानेच्या मधोमध आणि दोन पुढे, एकावर एक येणारी. कॉलर वेगळी, कांजी करून पुठ्ठ्यासारखी कडक केलेली. तिलाही तशीच तीन काजं. मागचा स्टड आखूड. तो पट्टीच्या आतून बाहेर घालायचा, म्हणजे चपटी चकती मानेला लागते आणि डोकं बाहेर येतं. त्या डोक्यावर कॉलरचं मागचं काज चढवायचं, कॉलरच्या घडीत टाय बसवायचा, मग पुढचा स्टड. हा लांब असतो, कारण त्याला चार थर पार करायचे असतात: पट्टीचे दोन, कॉलरचे दोन.

आता मागचा स्टड काढला तर काय होतं? कॉलर पुढच्या एकाच स्टडवर राहते. समोरून सगळं ठीकठाक दिसतं. मान हलली, टाय ओढला गेला की कॉलर मागून हळूहळू वर सरकते. घालणाऱ्याला ते दिसत नाही, मागे किंवा बाजूला असलेल्याला दिसतं. म्हणून अनुवादात 'मागचा' हा शब्द चुकूनही गाळू नका. पुढचा स्टड दिला असता तर कॉलर समोरच उघडी पडली असती आणि अझीझना चहाला बसताच आलं नसतं.

आणखी एक. कांजी केलेली काजं चिकटून घट्ट होतात. मागचं काज स्वतःच्या हाताने घालणं कठीण, म्हणून अझीझच फील्डिंगला स्टड बसवून देतात. दोन माणसं पहिल्यांदा जवळ येतात ती इथे. 'लावून दिला' पेक्षा 'बसवून दिला' लिहा.

सदरवाली
हे फार कामाचं आहे, आभार. त्याच संवादात फील्डिंग वैतागून विचारतात, माणसाने कॉलर घालावीच कशाला? अझीझचं उत्तर असं की पोलिसांपासून सुटका म्हणून. सायकलवर विलायती कपडे आणि कडक कॉलर असली की पोलीस बघत नाहीत, तुर्की टोपी घातली की लगेच 'दिवा विझलाय' म्हणून अडवतात. म्हणजे कॉलर हा त्यांचा परवाना आहे. तीच कॉलर ते मोडकी करून घेतात. त्यामुळे शब्द हलका चालणार नाही.

बर्डीकर
'गुंडी' हा कन्नडमधून आलेला दिसतो. कन्नडमध्ये बटणाला आजही गुंडीच म्हणतात.

शुद्धमती
'गुंडाळणे', 'गुंडाळी' हे शब्द घरचे असताना कन्नडकडे जायची गरज काय? कापड गुंडाळून गाठ केली की गुंडी.

बर्डीकर
बाराबंदीला बंद असत, गुंडी नव्हे. शिवणकामाचे शब्द बाहेरूनच आले आहेत. 'काज' पोर्तुगीज 'कासा'वरून आलं, तिकडे घर आणि काज दोन्हींना तोच शब्द आहे. बटणही पोर्तुगीज 'बोतांव'च. कोकणीत 'बुतांव' अजून चालतो.

काज-बटण
काजाचं मान्य. बटणाचं नाही. बुतांव कोकणीत राहिला आणि आपण इंग्रजांचं बटण घेतलं असावं. दोन वेगळ्या वाटा आहेत.

धरमपेठ लायब्ररी
ताई, गुंडीचा वाद चालू राहू द्या, पण गावाच्या नावाचं काय ठरवलंत? फॉर्स्टरचं 'चंद्रापोर' मराठीत 'चंद्रपूर' झालं तर विदर्भातला वाचक पहिल्याच पानावर चुकणार. तो ताडोबा, महाकाली, कोळशाच्या खाणी शोधत बसेल. कादंबरीतलं गाव गंगेकाठचं आहे, पाटण्याजवळच्या बांकीपूरवर बेतलेलं. मराबारच्या गुहा गावापासून वीस मैलांवर, त्या गयेजवळच्या बराबर गुहांवरून घेतल्या आहेत. शिवाय १९२४ साली आपलं चंद्रपूर हे चांदा होतं. 'चंद्रापोर' असंच ठेवा आणि पहिल्या पानाखाली एका ओळीची टीप द्या.

शुद्धमती
'पोर' हा इंग्रजांच्या जिभेचा दोष. नागपूरला ते 'नागपोर' लिहीत, म्हणून आपण तसं लिहायचं का? 'चंद्रापूर' लिहा, आकार ठेवा, भेद होतो.

धरमपेठ लायब्ररी
एका काना-मात्रेवर भेद टिकत नाही. मुद्रितशोधक ती चूक समजून दुरुस्त करेल, दुसऱ्या आवृत्तीत चंद्रपूरच छापून येईल. 'पोर'ला कोणी हात लावणार नाही.

वऱ्हाडी ठेचा
आणि 'सिव्हिल स्टेशन'? पहिल्या प्रकरणात गोऱ्यांची वस्ती उंचावर आहे, लाल विटांचा क्लब, काटकोनात छेदणारे रस्ते, खाली मूळ गाव. मराठीत 'स्टेशन' म्हटलं की रेल्वे नाहीतर पोलीस. नागपूरकराला 'सिव्हिल लाइन्स' लिहिलं की चित्र उभं राहतं: हायकोर्ट, विधानभवन, मोठी झाडं, मोठे बंगले. तेच लिहा.

बर्डीकर
नागपुरात चालेल. बाकी महाराष्ट्रात 'सिव्हिल' म्हणजे सरकारी दवाखाना, 'सिव्हिलला ॲडमिट केलं' म्हणतात. पुण्याचा वाचक 'कॅम्प' समजेल, तेही चूक. कॅम्प ही लष्कराची छावणी, आपल्याकडे कामठी. सिव्हिल लाइन्स म्हणजे कलेक्टर, जज्ज, डॉक्टर, पोलीस अशा मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती. कादंबरीतली भांडणं याच लोकांची आहेत, म्हणून फरक ठेवायला हवा. 'मुलकी वस्ती'?

शुद्धमती
'मुलकी वस्ती' उत्तम.

वऱ्हाडी ठेचा
मुलकी वस्तीत कोण राहतं भाऊ? अशा नावाची वस्ती कोणत्या गावात आहे?

सदरवाली
मी सिव्हिल लाइन्सच ठेवणार. पण त्याला लागूनच दुसरा खड्डा आहे. फॉर्स्टर 'अँग्लो-इंडियन' म्हणतो तेव्हा त्याला हिंदुस्थानात नोकरीला असलेले इंग्रज अभिप्रेत आहेत.

धरमपेठ लायब्ररी
हो, आणि हे सगळ्यांत धोकादायक. १९११ च्या जनगणनेपासून सरकारी कागदात अँग्लो-इंडियन म्हणजे मिश्र वंशाचे लोक. आपल्या घटनेच्या कलम ३६६ मध्येही तोच अर्थ आहे. फॉर्स्टर १९२४ मध्येही जुना अर्थ वापरतो आणि मिश्र वंशाच्या माणसाला 'युरेशियन' म्हणतो. नवाब बहादुरांचा शोफर हॅरिस तसा आहे, इंग्रज आणि हिंदी लोक एकाच वेळी समोर असले की त्याची कुचंबणा होते. तुम्ही कलेक्टर टर्टन आणि रॉनीला 'अँग्लो-इंडियन' लिहिलंत तर वाचक त्यांना रेल्वे वसाहतीतले ड्रायव्हर-गार्ड समजेल आणि हॅरिसचं दुःख कुठेच उरणार नाही. 'इथले इंग्रज', 'इथले गोरे' लिहा. हॅरिसला 'युरेशियन'च ठेवा.

शुद्धमती
'हिंदस्थ इंग्रज'.

बर्डीकर
बोलून पाहा हो मॅडम, मग लिहा. कलेक्टर टर्टनची बायको क्लबात 'हिंदस्थ' म्हणेल का?

शुद्धमती
निवेदकाच्या तोंडी चालतो. संवादात 'आपली माणसं' येईल. दोन्हींची भाषा एकच असावी असा नियम नाही.

काज-बटण
हे पटलं. निवेदन आणि संवाद वेगळे ठेवले तर रॉनीच्या त्या वाक्याचाही प्रश्न सुटतो. तिथे मुळात 'वंश' या अर्थाचा शब्द आहे. 'वंशाचा ढिलेपणा' पाठ्यपुस्तकी होतं. 'जातीचा' म्हटलं तर मराठी वाचक आपल्या जातींकडे वळतो. मराठीत पूर्वग्रह असा बोलला जातो: 'हे लोक असेच.' अख्खा समाज दोन शब्दांत निकालात काढायची आपली रीत आहे. रॉनीला तेच द्या: 'टायपिनपासून बुटांपर्यंत झकपक, आणि कॉलरचा मागचा स्टड नाही. हे लोक असेच.' वाचकाला माहीत आहे की स्टड फील्डिंगच्या मानेवर आहे. रॉनीला माहीत नाही. तो खोटं बोलत नाही, त्याने कॉलर खरोखरच पाहिली आहे. बघितलेलं खरं आणि काढलेला अर्थ सपशेल खोटा, हा घाव 'हे लोक' मध्ये नीट बसतो.

वऱ्हाडी ठेचा
तुम्ही स्वतःच 'स्टड' लिहिलं.

काज-बटण
वस्तू विलायती आहे, नाव विलायती राहू द्या. सातव्या प्रकरणात ती कशी बसते ते दोन वाक्यांत दाखवलं की कानातल्याचा गोंधळ होत नाही.

सदरवाली
रॉनीचं वाक्य घेते. 'गुंडी' की 'स्टड' अजून ठरत नाही. 'सोन्याची गुंडी' म्हटलं की वस्तूचं मोल लगेच कळतं. अझीझच्या मेव्हण्याने युरोपातून आणलेल्या संचातली ती आहे, ती दिल्यावर संच फुटतो. 'सोन्याचा स्टड' मध्ये ते मोल उतरत नाही.

धरमपेठ लायब्ररी
तिसऱ्या भागाकडे आत्ताच लक्ष द्या. 'मंदिर' हा भाग संस्थानात घडतो आणि तिथली गोकुळाष्टमी फॉर्स्टरने देवासच्या मराठा दरबारात पाहिलेली आहे. १९२१ मध्ये तो तिथल्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. प्रोफेसर गोडबोले दक्षिणी ब्राह्मण, टाळ घेऊन उभे आहेत आणि तुकारामाला 'तूच माझा बाप, माय आणि सर्वस्व' असं आळवताहेत. इंग्रजीत गेलेलं हे मराठी तुम्ही मराठीत परत आणणार. अभंगाच्या छंदात बांधणार की गद्य ठेवणार?

बर्डीकर
छंदात. टाळांच्या ठेक्यावर गद्य म्हणताच येणार नाही.

शुद्धमती
छंदात बांधलं की वाचक गाथा उघडून तो अभंग शोधणार. संतांच्या नावावर आपण ओळी रचायच्या नाहीत. गद्यच, अवतरणचिन्हांत.

वऱ्हाडी ठेचा
वारकऱ्यांच्या ध्रुपदात नाव घोळवतात तसं करा. 'तुकाराम, तुकाराम' एवढं दोनदा घ्या, पुढची ओळ साधी ठेवा. रचना पण नाही, गद्य पण नाही.

सदरवाली
तिसऱ्या भागाला वेळ आहे. सातवं प्रकरण या आठवड्यात द्यायचं आहे. गुंडीच्या बाजूने दोन जण, स्टडच्या बाजूने एक, कंठगुंडीला एक. गुंडी वापरली तर आधीच्या ओळीत 'कॉलर वेगळी बसवायची असे' हे घालावं लागेल. चालेल का?

काज-बटण
चालेल, पण 'बसवायची' नको, 'अडकवायची' लिहा. बसवायचा तो स्टड.

शुद्धमती
गुंडीच म्हणा मग, निदान स्टड तरी नको.