अनुभव धागा: पन्नोनहाल्मा, टेकडीवरचा मठ आणि त्याची वायनरी

युरोपच्या गप्पांत हंगेरीतल्या पन्नोनहाल्माचं नाव निघालं, आणि आपल्यातलेच चारपाच जण तिथे जाऊन आलेत असं कळलं. म्हणून हा धागा. बुडापेस्टहून रेल्वेने ग्योर आणि पुढे वीसेक किलोमीटर बस. ९९६ साली स्थापन झालेला बेनेडिक्टाइन (संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांचा) मठ, १९९६ पासून जागतिक वारसा. एवढं कुठेही मिळेल. तुम्ही काय पाहिलं, काय चाखलं, कशाने वैतागलात ते लिहा.

बुडापेस्टहून

खरं सांगू? वायनरीने निराशा केली. हजार वर्षांचा मठ म्हटल्यावर दगडी तळघर, मेणबत्त्या, पिंपांमधून हिंडणारे संन्यासी असं काहीबाही डोक्यात होतं. प्रत्यक्षात नवी कोरी इमारत आणि स्टीलच्या टाक्या! दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी सरकारने मठाच्या द्राक्षबागा काढून घेतल्या होत्या. जमीन परत मिळवून नव्याने वेली लावल्या त्या २००० च्या सुमारास, आणि पहिला हंगाम २००३ चा. म्हणजे ही 'प्राचीन परंपरा' माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीहून जेमतेम मोठी.

चर्च मात्र चुकवू नका. तेराव्या शतकातलं आहे. लंडनचे वास्तुविशारद जॉन पॉसन यांच्या आराखड्याने २०१२ मध्ये आतली बरीच सजावट उतरवली. आता फक्त दगड आणि उजेड.

निफाडहून

ताई, तुम्ही ज्या इमारतीवर नाराज झालात तिथे मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. ती मुद्दाम उतारावर बांधली आहे. द्राक्षं वरच्या मजल्यावर येतात आणि रस, मग वाईन, आपल्या वजनानेच खाली उतरत जाते. पंपाने ढकललं की बिया-साली रगडल्या जातात आणि कडवटपणा येतो, तो टळतो. आपल्याकडे डोंगरउताराची जागा असूनही किती जण असा विचार करतात?

बागेत गेलो तर बायको म्हणाली, "इथंही द्राक्षंच बघायची का?" पण फरक बघण्यासारखा आहे. आपण एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) करतो आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी (फळासाठी), कारण आपली वेल कधी झोपतच नाही. तिकडे थंडी तिला झोपवते, म्हणून हिवाळा संपताना एकच छाटणी. मांडव नाही, तारांवर बांधलेल्या उभ्या ओळी. ऱ्हाइन रीसलिंग, ट्रामिनी, सोव्हिन्यों ब्लाँ, पिनो न्वार अशा जाती. रीसलिंगची आंबटधार चव आपल्या उन्हात मिळणं अवघड, हे जिभेला लगेच कळतं. वाईन करणारा माणूसही संन्यासी नसतो, पगारी तज्ज्ञ असतो. मला त्यात काही खटकलं नाही.

पुण्याहून

आम्ही न पिणारे. सोबत सासूबाई, त्याही माळकरी! मठ आणि दारू हे समीकरण त्यांना पचेना. शेवटी नवऱ्याने त्यांना सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीतलं चाळिसावं प्रकरण समजावलं. त्याचा मथितार्थ असा: संन्याशांनी वाईन पिऊ नये हे खरं, पण आजकालच्या संन्याशांना ते पटवणं शक्य नाही, तेव्हा निदान मर्यादेत प्या. रोजचं माप एक हेमिना, म्हणजे साधारण पाव लिटर. मठाच्या एका वाईनला तेच नाव दिलंय. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही ऐकत नव्हतेच."

आमचा वेळ ग्रंथालयात गेला. तीन लाखांहून जास्त पुस्तकं! हंगेरीतल्याच तिहान्य गावच्या मठाची १०५५ ची सनद इथेच जपलेली आहे. मजकूर लॅटिन, पण मधूनमधून हंगेरियन शब्द. हंगेरियन भाषेचा इतका जुना लिखित पुरावा दुर्मीळच. आपल्याकडे शिलालेखांवरून जसे वाद रंगतात तसे तिथेही रंगत असणार. बाहेर लॅव्हेंडरचं शेत आहे. त्यासाठी जायचं तर जून-जुलै. सासूबाईंनी तिथलं लॅव्हेंडरचं तेल घेतलं आणि अजून गुडघ्याला चोळतात.

व्हिएन्नाहून

थोडक्यात दोन सूचना. गाडीने जाणार असाल तर चालवणारा आधीच ठरवा. हंगेरीत चालकाला एक थेंबही चालत नाही, आणि आमच्यात तो मान माझा होता. दुसरं, वाईन चाखायची तर आधी कळवून ठेवा, नाहीतर नुसतं दुकान बघून परतावं लागेल. ऑस्ट्रिया-हंगेरीचे शेवटचे युवराज ऑटो फॉन हाब्सबुर्ग यांचं हृदयही २०११ मध्ये इथेच पुरलं, बाकी देह व्हिएन्नात. माझ्या दहा वर्षांच्या पोराला वाईन, ग्रंथालय सगळं विसरून तेवढंच लक्षात राहिलं.

बुडापेस्टहून

निफाडकर, उतारावरून वाईन उतरवण्याचं पटलं. इतकं सोपं करून आमच्या गाइडने सांगितलंच नाही. मेणबत्त्यांची तक्रार मात्र कायम!

निफाडहून

चालेल की. सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोडणी चालू असताना कुणी गेलंय का? मी गेलो तेव्हा मणी नुकते धरत होते. घड हाताने तोडतात की यंत्राने, आणि सकाळी किती वाजता सुरुवात करतात, एवढं कुणी सांगितलं तर पुढचं तिकीट त्या बेताने काढीन.