बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची किंमत कशी ठरवावी?

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या घराची वाटणी करताना माळ्यावर आजोबांचा फिलिप्सचा रेडिओ सापडला. तो ज्याच्याकडे राहील त्याने उरलेल्या दोघांना त्यांच्या वाट्याची रक्कम द्यावी, असे आम्हा तीन भावंडांत ठरले असल्यामुळे त्याची रास्त किंमत काढण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

रेडिओ विजेवरचा नाही. आत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ हे चार व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी रेडिओत असलेल्या काचेच्या नळ्या) जागेवर आहेत. गावात तेव्हा वीज नव्हती आणि बॅटरी महाग, म्हणून बातम्या संपताच आजोबा रेडिओ बंद करीत, असे आई सांगते. बेकेलाइटच्या पेटीला एका कोपऱ्यात बारीक चीर आहे, डायलची काच आणि बटणे शाबूत आहेत, मागचा पुठ्ठा मात्र उंदरांनी अर्धा कुरतडला आहे. सोबत, रेडिओ बाळगायला तेव्हा लागणाऱ्या परवान्याचे, पोस्टातून दरवर्षी नूतनीकरण केलेले पुस्तकही मिळाले.

पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याने १,५०० रुपये देऊ केले, तर मुंबईच्या चोरबाजारात साधारण अशाच दिसणाऱ्या, पण विजेवरच्या रेडिओचे ९,००० रुपये सांगण्यात आले. यांपैकी कोणता आकडा धरावा? पेटीला पॉलिश केल्यास किंमत वाढेल का? धाकटा भाऊ ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या जोडून रेडिओ लावून पाहायला निघाला होता. त्याला तूर्त थांबवले आहे.

प्रतिसाद :

थांबवलेत हे फार बरे केलेत. या व्हॉल्व्हना ९० व्होल्टखेरीज फिलामेंटसाठी, म्हणजे आतल्या तापणाऱ्या बारीक तारेसाठी, साधारण १.४ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, आणि चुकून ९० व्होल्ट फिलामेंटकडे गेले तर चारही व्हॉल्व्ह क्षणात निकामी होतात. डीके ९६चे फिलामेंट अवघ्या २५ मिलिअँपिअरचे असल्याने काट्याच्या जुन्या मल्टिमीटरच्या (वीज मोजण्याच्या उपकरणाच्या) सर्वांत खालच्या ओहम, म्हणजे रोध मोजण्याच्या, पट्ट्यावरही ते जळू शकते. डिजिटल मीटर घ्या, व्हॉल्व्ह हलक्या हाताने काढा आणि पहिल्या व सातव्या पिनेमध्ये रोध दिसतो का ते पाहा. दिसला तर फिलामेंट शाबूत आहे एवढेच कळते, व्हॉल्व्हमध्ये दम किती उरला आहे ते नाही.

विजेवरच्या रेडिओशी तुलना करू नका. तो घरी नेऊन लावता येतो. तुमच्या रेडिओला आधी पुरवठा बनवून घ्यावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि बहुतेक संग्राहकच. शिवाय ९,००० ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे; आणि १,५०० ही पुढे नफा घेऊन विकणाऱ्याने देऊ केलेली. भावंडांच्या हिशेबासाठी दोन-तीन संग्राहकांना फोटो दाखवून ते स्वतः किती देतील ते विचारा आणि त्यांची सरासरी धरा.

पॉलिश अजिबात नको, कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ काढली तरी पुरे. उरलेला पुठ्ठा टाकू नका, त्यावर मॉडेल क्रमांक असण्याची शक्यता असते. परवान्याचे पुस्तक वाटणीत दुसऱ्याकडे जाऊ देऊ नका. ते रेडिओबरोबर असले तरच त्याला मोल आहे.