हृदयातील गाठ ओळखण्यासाठी एमआरआय की पेट स्कॅन? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वडिलांवर मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे उपचार झाले असून, अलीकडच्या इकोकार्डिओग्राफीत (हृदयाच्या सोनोग्राफीत) त्यांच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यात गाठीसारखी सावली दिसली आहे. ती रक्ताची गुठळी आहे की हृदयापर्यंत पसरलेला कर्करोग, हे केवळ इकोवरून ठरवता येत नसल्यामुळे डॉक्टरांनी गॅडोलिनियम (रक्तपुरवठा असलेला भाग चित्रात उजळवणारे, शिरेतून द्यायचे औषध) देऊन हृदयाचा एमआरआय करायला सुचवले आहे. गुठळीला रक्तपुरवठा नसल्याने ती सहसा काळीच राहते आणि कर्करोगाची गाठ मात्र बहुधा उजळते, एवढे तत्त्व मला समजले. पण गॅडोलिनियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि वडिलांची मूत्रपिंडे कमजोर आहेत; शिवाय एमआरआयच्या वेळी श्वास रोखावा लागतो आणि त्यांना तो फार वेळ रोखता येत नाही, ही खरी अडचण आहे. पेट स्कॅन (शरीरात ग्लुकोज कुठे जास्त शोषले जाते ते दाखवणारी तपासणी) करावा, तर निरोगी हृदयाचा स्नायूही ग्लुकोज शोषून घेत असल्याने आधी कर्बोदके टाळून उपाशी राहावे लागते, आणि त्यांना मधुमेह आहे (एकेक गोष्ट अशी आडवी येते). कोणाच्या घरी ही तपासणी झाली असल्यास, किंवा येथे कोणी रेडिओलॉजिस्ट असल्यास, अशा रुग्णाचा एमआरआय कसा घेतात आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे कृपया सांगावे.