बाळाचे जुलाब थांबत नाहीत, तेव्हा तुमच्याकडे काय काय झालं?

दोन-तीन दिवसांत थांबेल असं सगळे म्हणतात आणि आठवडा उलटला तरी दोरीवर लंगोटच लंगोट. सध्या आमच्याकडे हेच चालू आहे. लेक दहा महिन्यांची. डॉक्टरांना दाखवलंय, ओआरएस आणि झिंक सुरू आहे, खेळतेयही. त्यामुळे औषधं विचारत नाहीये. तुमच्या घरी त्या दिवसांत काय चाललं होतं, काय भरवलं, शेवटी कारण काय निघालं, ते लिहा. ‘दात येत असतील’ हे उत्तर सोडून, ते सोसायटीतल्या सगळ्या काकूंनी देऊन झालंय.

निशिगंध
आमच्याकडे डिसेंबरात रोटा (जुलाब करणारा विषाणू) झाला होता, मुलगा वर्षाचाही नव्हता. लसीचे डोस झाले होते, तरी झाला. डॉक्टर म्हणाले, लस होती म्हणून ॲडमिट करावं लागलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न ‘शी किती वेळा’ हा नव्हताच, ‘शू किती वेळा’ हा होता. डायपरमध्ये पातळ शी झाली की शू कळत नाही. म्हणून दिवसा डायपर काढून जुन्या सुती साडीचे लंगोट बांधले. ओला लंगोट दिसला की हायसं वाटायचं.

ओआरएस चमच्याने द्यायचं. वाटीने दिलं की तो गटागटा प्यायचा आणि भडाभडा ओकायचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि परत चमचा-चमचा सुरू. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

खाण्यावरून मात्र घरात जुंपली. सासूबाईंचं म्हणणं, पोटाला विश्रांती द्या. डॉक्टर म्हणाले, आतडं भरून यायला अन्नच लागतं. मग मऊ भात, मुगाचं वरण, वर थोडं तूप, आणि अंगावरचं दूध मागेल तेव्हा. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनीच केळं कुस्करून भरवलं.

खरी गंमत पुढे. ताप गेला, उलट्या गेल्या, पण शी फेसाळ, आंबूस वासाची, आणि ढुंगण भाजल्यासारखं लाल. जुलाबात आतड्याचं अस्तर सोललं जातं आणि दुधातली साखर पचवणारं विकर तिथेच तयार होतं, त्यामुळे काही काळ दूध पचत नाही. वरचं दूध काही दिवस बंद करायला सांगितलं, अंगावरचं चालू, दही चालेल. हळूहळू शी घट्ट झाली. झिंक मात्र जुलाब थांबल्यावरही पूर्ण 14 दिवस द्यायला लावलं.

वऱ्हाडी बाप
ताई, पुडीवर काय लिहिलं हाय ते वाचजा. लहान पुडी 200 मिलिच्या पाण्याची, मोठी एक लिटरची. आमच्या शेजारी मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवत होते. तसं खारट पाणी लेकराले धोक्याचं.

अबोली_ठाणे
मेडिकलमध्ये ओआरएस मागितलं की रंगीत खोका पुढे करायचे, त्यात साखरच जास्त. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली, त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षं दिलेली लढाई होती. पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घे.

इतिहासप्रेमी
थोडं अवांतर. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आलं. आपण ‘साधी पुडी’ म्हणतो ती ही.

जुई, न्यू जर्सी
आमची वेगळी तऱ्हा. लेक तीन महिन्यांची, फक्त अंगावर पिणारी. शीत शेंबडासारखी आव आणि रक्ताचे बारीक धागे. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी निघाली. दूध, दही, पनीर, तूप, सगळं मी सोडलं. कोरा चहा पिताना डोळ्यांत पाणी यायचं! पण शी सुधारली. वर्षानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं थोडं दूध दिलं, आता आइस्क्रीम खाते.

दोन पोरांची आई
धाकटा दोन वर्षांचा असताना महिनोन् महिने पातळ. वजन वाढतंय, हुंदडतोय, शीत मटार-गाजर जसंच्या तसं. पॅकबंद ज्यूस बंद केला, संपलं.

माई आजी
आम्ही जायफळ उगाळून चाटवायचो.

परिचारिका_बालविभाग
माई, जायफळाने बाळ गुंगतं. मग ते औषधाने झोपलंय की अंगातलं पाणी कमी झाल्याने मलूल पडलंय, हे आम्हालाही पटकन ओळखता येत नाही. जुलाब बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या तर बाळाला अजिबात नकोत. डोळे खोल गेले, टाळू आत ओढली, रडताना अश्रू नाहीत, सहा-आठ तास शू नाही, शीत रक्त, पाणीही पोटात ठरत नाही, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. आणि 14 दिवस उलटले तर बाळ खेळतं असलं तरी परत दाखवा, तपासण्या लागतात.

धागाकर्ती
लंगोटांची युक्ती आजपासूनच. फेसाळ शी आणि लाल ढुंगण आमच्याकडेही आहे, उद्या डॉक्टरांना दुधाचं विचारते. लालीवर काय लावलं होतंस गं, निशिगंध?

निशिगंध
वाइप्स बंद. कोमट पाण्याने धुवून, टिपून कोरडं करायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर. आणि दुपारभर उघडंच ठेव, चादर खराब झाली तर झाली.